काळं कुठून आलं?

तोंड

कुंडल गावाच्या बाहेर, उसाच्या फडालगत पत्र्याचं शेड. दर गुरुवारी तिथं चपला ठेवायला जागा उरत नाही. महाराज एकेकाच्या जिभेवर चिमूटभर पांढरं चूर्ण ठेवतात. "पोट म्हणजे ब्रह्मांड, आतडं म्हणजे शेषनाग," असं काहीबाही बोलतात आणि माईकवरून विचारतात, "काळं गेलं का?"

"गेलं, गेलं," शे-दोनशे माणसं एकदम.

काळं म्हणजे शौचाला काळं होणं. गुडघे दुखतात ते करणीमुळं. चूर्ण घेतलं की करणी सुटते, काळी होऊन पडते. ज्याची पडत नाही त्याची श्रद्धा कमी. त्याला दुप्पट चूर्ण.

माझ्या सासूबाई, अंबूबाई, काठीशिवाय उठत नव्हत्या. चूर्ण घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी शेतात तण काढायला, भांगलणीला गेल्या. मी हायस्कूलात विज्ञान शिकवते. घरात त्या विज्ञानाची किंमत त्या दिवशी संपली.

मला मात्र या करणीला दुखणं दाबणाऱ्या गोळीचा वास येत होता.

शेवटचं टोक

(मधलं सोडून एकदम इथं आले. आमच्या घरानंही तेच केलं होतं, मधल्या पोटाचा विचारच केला नाही.)

"आज लय काळं गेलं, क्रांते. डांबरागत," आत्या समाधानानं म्हणाल्या. सासूला आमच्याकडं आत्याच म्हणतात.

मला वाटलं, कोळसा मिसळत असणार. पकडते आता. महाराजांनी घरी दिलेली पुडी काचेच्या पेल्यात ओतली, ढवळली. पाणी पांढरं. लोखंडाचा कीस असेल म्हणून लोहचुंबक फिरवलं, काही चिकटलं नाही.

"बघ. शुद्ध हाय."

"मग काळं कुठनं आलं, आत्या?"

"माझ्यातनं. करणी हाय न्हवं ती."

माझा नवरा जयराज, फौजेतून निवृत्त झालेला, दारात उभा होता. तो पेल्याकडं नाही, आईकडं बघत होता. "आई, तुझं ओठ पांढरं का पडल्यात गं?"

मी आत्यांची खालची पापणी ओढली. आत लाली नव्हती.

"दवाखान्यात न्हाई यायची मी. निम्मी करणी आत ऱ्हाईल," म्हणत त्या उठल्या, भिंतीला टेकल्या आणि तशाच खाली घसरल्या. जयराजनं त्यांना उचललं.

जठर

सांगलीत डॉक्टर अफताब यांनी दुर्बीण घातली. पडद्यावर जठर, जठरात खड्डा, खड्ड्यातून रक्ताचा पाझर. तेच रक्त आम्लात मिसळून खाली जाताना काळं होत होतं.

शुद्धीवर आल्यावर आत्यांनी विचारलं, "आधी कवा असा खड्डा न्हाई पडला, आताच का?"

"आजी, जठराचं अस्तर रोज झिजतं, रोज नवं होतं. त्यासाठी शरीर वाढीचे घटक बनवतं. जठरात बनवतं, थुंकीतसुद्धा असतात. ते पेशींना सांगतात, वाढा, भोक बुजवा."

"मंजी मुकादम."

"तसंच. चूर्णात दुखणं मारणारी गोळी आणि स्टिरॉइड असावं. गोळी अस्तराचं संरक्षण काढून घेते, स्टिरॉइडनं दुरुस्ती रेंगाळते. गुडघा गप्प, पण पोटातलं काम बंद."

चूर्ण प्रयोगशाळेत तपासलं. दोन्ही निघाली.

---

रक्त चढवून घरी आणल्यावर, जरा बळ आल्यावर आत्याच म्हणाल्या, "मला गुरुवारी न्या. बाकीच्या बायका अजून खात्यात ते."

शेडात जयराजनं सगळं सांगितलं. महाराज हसले. "मावशींची करणी पुरती निघाली, म्हणून तर त्या वाचल्या." माना डोलल्या. मला वाटलं, हरलो.

तेवढ्यात महाराजांची म्हातारी आई लंगडत आली आणि गादीच्या कडेला गुडघा चोळत बसली.

"आवं आक्का," आत्या म्हणाल्या, "तुमचा गुडघा अजून बरा न्हाई व्हय? पोरगा चूर्ण देत न्हाई?"

"मला न्हाई देत," म्हातारी भाबडेपणानं म्हणाली. "म्हणतो, आई, तुझ्या पोटाला सोसायचं न्हाई ते."

माईक चालू होता.

महाराज बटण शोधू लागले. मागच्या रांगेत एका बाईनं जिभेवरची चिमूट पदरात थुंकली. मग दुसरीनं.

वाचकांनो, डांबरासारखं काळं शौच झालं तर आरती करू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि जिभेवर काही ठेवायला कुणी हात पुढं केला, तर तोंड उघडण्याआधी विचारा: हे तू तुझ्या आईला देतोस का?