झाकण निसटलं नव्हतं

मी एक जुना पियानो आहे. मित्रांनो, माझी कीव करायला जमला असाल तर आल्या पावली परत जा. ऐकायचं असेल तर गप्प बसून ऐका.

एका म्हाताऱ्या सुताराने आठ महिने खपून मला घडवलं आणि एका नाटकगृहाच्या मालकाने हौसेने विकत नेलं. रंगमंचाच्या पायथ्याशी, वादकांच्या खड्ड्यात मला जागा मिळाली. तिथे ओल होती, उंदीर होते आणि बासरीवाल्याचा खोकला होता. तक्रार मी तेव्हाही करत होतो. ऐकतो कोण!

मालकाची एक संगीतिका तुफान चालली. बेटावरची राजकन्या आणि परक्या मुलखातला खलाशी. भाषा वेगळी, देव वेगळे, तरी जीव जडतो आणि शेवटी तिचा बाप दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतो. त्या प्रवेशाला बायका हुंदके देत, पुरुष चष्मे पुसत. बाप म्हणजे राजा. ते काम मालक स्वतः करी. राजकन्या त्याची सख्खी मुलगी. खलाशाचं एक गाणं ‘परक्या भाषेत’ होतं. लोकांना त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण हसून हसून त्यांची मुरकुंडी वळे.

दर सोमवारी माझे सूर लावायला एक तरुण येई. डोंगरापलीकडचा, त्या भाषेच्याच मुलखातला. त्याला ‘ळ’ म्हणता येत नसे. सगळे त्याला ‘पलीकडचा’ म्हणत, तोंडावरसुद्धा. एकदा तालमीत ते गाणं त्याच्या कानावर पडलं आणि त्याने हातातला पाना खाली ठेवला.

“हे काय गातायत?”

“का? तुमचीच भाषा आहे ना?” मालकाची मुलगी म्हणाली.

“आमच्या भाषेत याचा अर्थ होतो, ‘म्हैस, टोपी, परवा, आजीबाई’. लिहिणाऱ्याला एकदा भेटायला मिलेल का?”

बाकीचे हसले. ती हसली नाही. “मग खरं गाणं शिकवा मला,” ती म्हणाली.

त्याने शिकवलं. वाट बघणाऱ्या माणसाचं साधंसं गाणं होतं. सोमवार लांबत गेले. मग सोमवारची वाट बघणं तिला जड जाऊ लागलं, म्हणून ती गुरुवारीच माझ्या पट्ट्या बडवून सूर बिघडवून ठेवी. प्रेम त्यांचं, मार मला.

एका दुपारी मालक अचानक आत आला. तरुणाचा हात माझ्या पट्ट्यांवर होता आणि तिचा हात त्याच्या हातावर.

“बाबा, आम्ही लग्न करतोय,” ती म्हणाली.

“याच्याशी? याच्या आईशी बोलशील कुठल्या भाषेत?”

“शिकतेय. आणि बाबा, रोज तुम्हीच तर राजकन्येचे आणि खलाशाचे हात जुळवता. आठशे प्रयोग झाले.”

“ते नाटक आहे!” मालक ओरडला आणि त्याने दोन्ही हातांनी माझं झाकण आपटलं.

तिने हात ओढून घेतला. त्याचा राहिला. दोन बोटं मोडली.

डॉक्टरांना मालकाने सांगितलं, “जुना पियानो आहे, झाकण निसटलं.” धादांत खोटं! माझ्या बिजागऱ्या ठणठणीत होत्या. मी निसटलो नव्हतो. पण साक्ष द्यायला मला तोंड कुठे होतं?

त्या संध्याकाळी प्रयोग झाला. शेवटच्या प्रवेशात राजाने हात पुढे केला. राजकन्येने तो घेतला नाही. ती पुढे आली आणि खरं गाणं गाऊ लागली. लोक आधी सवयीने हसले. मग कुजबुज सुरू झाली. “बंद करा ते!” कुणीतरी ओरडलं, आणि चष्मे पुसणारेच खुर्च्या आपटत उठले. तिने शेवटची ओळ पुरी केली, मुकुट बापाच्या हातात दिला आणि प्रेक्षकांमधून चालत मोठ्या दाराने निघून गेली.

संगीतिका बंद पडली. मी अडगळीत गेलो. बारा वर्षं माझ्यावर रंगाचे डबे ठेवले गेले. मग एके दिवशी म्हाताऱ्या मालकाने मला चकाचक पॉलिश करवून लेकीच्या घरी धाडलं. अरुंद गल्लीत त्या दोघांचं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे, मागे घर. तो आता डाव्या हाताने सूर लावतो.

“चिठ्ठी आहे?” तिने हमालांना विचारलं.

“नाही बाई.”

“मग व्हरांड्यातच राहू दे. बाबांना सांगा, झाकण कसं पडलं ते इथे येऊन, यांच्यासमोर बोला. मग पियानो आत घेऊ.”

“तारा ओल धरतील गं,” नवरा हळूच म्हणाला.

“धरू देत.”

आतून ताडपत्री आणून त्याने माझ्यावर नीट घातली.

आता तिसरं वर्ष चाललंय. म्हाताऱ्याने दोनदा माणूस पाठवून विचारलं, पियानो पोचला का. स्वतः फिरकला नाही.

मित्रांनो, व्हरांड्यात खेळताना माझ्यावर चढू नका, ताडपत्री ओढू नका. एवढं माझ्यापुरतं. वस्तूंची काळजी घ्या, असं मात्र मी सांगणार नाही. पॉलिश करून मला पाठवणाऱ्यानेही ती घेतलीच होती. तुमच्या हातून कुणी दुखावलं तर स्वतःच्या पायांनी त्याच्या दारात जा आणि स्वतःच्या तोंडाने बोला. वस्तू पाठवू नका. आम्हाला माफी मागता येत नाही.