झगडा तोडला

योगेंद्र माझा लॉ कॉलेजातला वर्गमित्र, आता जळगावला सरकारी वकील. सकाळी कॉलेजात गुन्हेगारीशास्त्र शिकवतो आणि दुपारी कोर्टात तेच आम्हालाही शिकवत बसतो. मला त्याचा राग येतो, आणि त्याच्या डब्यातली शेवभाजी मी खातेही. त्या दिवशी बार रूममध्ये खातच होते.

"सुनिता, माणूस गुन्हा करताना नफातोटा बघतो," तो म्हणाला. "आत जावं लागणार हे नक्की असलं की हात आपोआप आखडतो. तुझा अशील बादल आज सुटला, तर त्या पाड्यावर उद्या आणखी कुऱ्हाडी निघतील."

"नफातोटा कसला डोंबलाचा," मी म्हणाले. "बांधावरच्या मोहाच्या झाडावरून भांडण झालं. रागाच्या भरात काकाच्या हातावर दांडा बसला. त्यात हिशेब कोण करत बसलं होतं?"

"दांडा कुऱ्हाडीचा होता. हाड मोडलंय."

ते खरं होतं. बादल सातपुड्याच्या पायथ्याचा पावरा आदिवासी पोरगा, मिसरूड नीट फुटलेलं नाही. हात मोडला तो त्याच्या सख्ख्या चुलत्याचा, पुनाचा. खालच्या कोर्टाने जामीन नाकारल्यामुळे बादल तुरुंगात होता आणि विधी सेवेकडून त्याची केस माझ्याकडे आली होती. माझं म्हणणं नेहमीचंच: गुन्हा शाबीत होईपर्यंत माणूस निर्दोष, प्रत्येक पायरी नीट चढा, घाई करू नका. योगेंद्र याला अडथळ्यांची शर्यत म्हणतो. मी त्याच्या न्यायाला पिठाची गिरणी म्हणते, वरून माणूस टाका, खालून कैदी घ्या. वीस वर्षं आम्ही हेच भांडतोय.

पण या केसमध्ये माझी गोची होती. पहिल्या दिवशी मॅजिस्ट्रेटनी 'काही सांगायचंय का' विचारलं, तेव्हा बादल बोलून बसला होता.

"झगड्यात तोडला, म्हणाला तो," योगेंद्रने पुन्हा ऐकवलं. "तेही मान वर करून. पश्चात्तापाचा एक शब्द नाही. अशाला सुधारणार कोण, तू?"

तेवढ्यात दारात पुना दिसला. हात गळ्यात अडकवलेला. मला वाटलं, आला हा जामिनाला विरोध करायला. मी जरा तुसडेपणानेच विचारलं, "काय काम आहे?"

"आमना झगडा तुटी गया, अक्का," तो म्हणाला. "आते त्याले घर धाडा."

मी डबा बाजूला सारला. मी त्याला बाकावर बसवलं आणि सगळं नीट विचारून घेतलं. पाड्यावर पंच जमतात, दोघांना समोरासमोर बसवतात, निवाडा करतात. त्याला म्हणतात झगडा तोडणं, म्हणजे भांडण मिटवणं. बादल बिचारा 'झगडा तोडला' म्हणून कोर्टाला सांगत होता की आमचं मिटलंय. आणि आमच्या कोर्टाने ऐकलं, याने माणूस तोडला.

निवाडा असा होता की पुनाचा हात धड होईपर्यंत त्याचं वावर बादलने सांभाळायचं. पोरगा कामालाही लागला होता. पण हाड मोडलं की दवाखान्यातून पोलिसांना खबर जाते, नियमच आहे. पोलीस आले आणि मक्यातूनच त्याला घेऊन गेले. मका अजून उभा होता.

दुपारी पुनाला कोर्टात मागच्या बाकावर बसवून मी न्यायाधीश मॅडमसमोर हे सगळं मांडलं. बादलची तारीख होती, म्हणून तो तुरुंगातून भिंतीवरच्या पडद्यावर हजर होता, मान खाली घालून ऐकत. योगेंद्रने धाकाचं, जरबेचं सगळं सांगितलं, चांगलंच सांगितलं. मॅडमनी तरीही जामीन दिला. मी हुश्श करते न करते तोच त्यांनी अट घातली: खटला संपेपर्यंत आरोपीने गावात पाऊल ठेवायचं नाही, जखमीला भेटायचं नाही.

नेहमीची अट आहे. मारकुट्या नवऱ्यांसाठी मी स्वतः ती भांडून मागून घेते. पण इथे तिच्यामुळे पंचांचा निवाडाच मोडत होता. मी पुनाला अट समजावून सांगितली, तसा तो बाकावरून उठून उभा राहिला.

मॅडमनी त्याला जवळ बोलावलं. "तो गावात आला तर तुम्हाला भीती नाही वाटणार?"

नाही म्हण रे बाबा, मी मनात म्हणत होते.

"माले भ्याव लागस," पुना म्हणाला.

झालं, मला वाटलं, बुडाली केस. योगेंद्रने पेन खाली ठेवलं.

"पान हाललं तरी मी दचकस," पुना बोलतच राहिला. "म्हनीसनच तो मना डोयासमोर पायजे. कामवर उना, मना संगे भाकर खादी, ते माले समजी त्याना मनमा काय शे. तुम्ही त्याले दूर ठेवशात, मंग मी जलमभर भेतच ऱ्हासू."

मॅडम खान्देशच्या नाहीत. मी शब्द न शब्द मराठीत सांगितला: तो कामावर आला, माझ्यासोबत भाकरी खाल्ली, तरच मला त्याच्या मनातलं कळेल; दूर ठेवलंत तर मी जन्मभर भीतच राहीन. त्यांनी योगेंद्रकडे पाहिलं. "सरकारतर्फे काही हरकत?"

हरकत नाही असं या माणसाने कधी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. तो उभा राहिला, पुनाच्या हाताकडे बघितलं आणि म्हणाला, "नाही, मॅडम."

अट खोडली गेली. मी पडद्याकडे पाहिलं. पोलिसांनी नेलं तेव्हा, जामीन फेटाळला तेव्हा हा पोरगा रडला नव्हता, हे मला त्याला नेणाऱ्या पोलीस शिपायाने सांगितलं होतं. आता त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते. ज्या काकाने लहानपणी खांद्यावर बसवून बाजार दाखवला, तो आपल्याला घाबरतो, हे त्याला आज पहिल्यांदा कळलं होतं.