मामांच्या स्टुडिओतलं कुरकुरणारं स्टूल

मी एक स्टूल. हो, स्टूलच. लगेच नाक मुरडू नका. खुर्चीला पाठ असते, हात असतात, म्हणून तिचा तोरा काय विचारता! मला आपले तीन पाय आणि वर एक गोल फिरती बैठक. पण भल्याभल्यांना मी घाम फोडलाय. कारण मी फोटो स्टुडिओतलं स्टूल आहे. पासपोर्ट असो, परीक्षा असो, नोकरीचा अर्ज असो, आधी माझ्यावर बसायचं, मग पुढचं.

आणि माझ्यावर बसून जरा वळलं की मी कुरकुरतो. साधंसुधं नाही. ‘कुंईईई’ असा लांबलचक आवाज आणि शेवटी एक छोटासा ‘फुस्स’. आता तुम्हीच सांगा, चारचौघांत आपल्या बुडाखालून असा आवाज आला तर माणसाचं काय होईल?

हा आवाज मला जन्मतःच मिळाला. एका सुताराने दाराच्या उरलेल्या लाकडातून मला घडवलं. बैठक वरखाली व्हावी म्हणून पोटात आट्यांचा लोखंडी दांडा बसवला. तेवढ्यात घरातून जेवायला हाक आली. त्या हाकेला ओ देण्याच्या नादात दांडा किंचित तिरका बसला. झालं! तेवढ्यावर माझं नशीब ठरलं.

माझे पहिले मालक गाण्याचे मास्तर. ते माझ्यावर बसून पेटी वाजवत. डोळे मिटून सूर लावला आणि जरा डोलले की मध्येच माझा कुंईईई! शिष्य खाली माना घालून हसू दाबायचे. एक दिवस मास्तर उखडले. “या ठोकळ्याला सुराचा गंध नाही!” म्हणाले आणि मला अंगणात काढून ठेवलं. चार दिवस उन्हात बसलो. एक कोंबडी तेवढी येऊन बसायची. ती वळायची नाही, त्यामुळे आमचं छान जमलं.

तिथून मला मामांनी उचललं. कुणाचे मामा म्हणाल तर सगळ्या गल्लीचे, पण खरे मामा चिंगीचे. मामांचा फोटो स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली. मागे पांढरा पडदा, दोन बाजूंना दोन छत्रीवाले दिवे, भिंतीवर आरसा आणि आरशाला दोरीने बांधलेला कंगवा. दोरी का, तर लोक विसरून खिशात घालून न्यायचे. खुंटीवर एक काळा कोट. तो बारीक माणसाला पाठीमागून चिमटे लावून बसवायचा आणि जाड्या माणसाला नुसताच समोरून पांघरायचा. फोटोत सगळे साहेब!

मामांचा कायदा कडक. “दोन्ही कान दिसले पाहिजेत. तोंड बंद. हसायचं नाही. फोटो सरकारी कामाचा आहे, लग्नाचा नाही.” माणूस बिचारा श्वास कोंडून बसायचा. मग मामा म्हणायचे, “डावा खांदा थोडा पुढे.” तो वळायचा आणि मी माझं काम करायचो.

“मी नाही हं! स्टूल आहे ते!”

हे वाक्य मी किती तोंडांतून ऐकलंय म्हणता! वकील, डॉक्टर, नवी नवरी, शाळेच्या मुख्याध्यापिका, सगळ्यांचं वाक्य तेच. एका फौजदाराने तर उठून मला उलटंपालटं करून पाहिलं. माझा जबाब घेतो की काय, असं वाटलं मला. मामा मात्र वैतागायचे. “स्टूल आहे हे दिसतंय सगळ्यांना. सांगायची काय गरज?” आणि पाठोपाठ ठरलेली हाक, “चिंगे, तेल घाल गं त्याला!”

“उद्या घालते मामा,” आतून चिंगीचं उत्तर. तो उद्या कधी उजाडलाच नाही.

चिंगी ही मामांची भाची. लग्न झालं, स्वतःची लेक शाळेत जायला लागली, तरी मामांची ती चिंगीच. आधी ती गिऱ्हाइकांचे केस, कॉलर नीट करायची. मामांना धूसर दिसायला लागलं तसा कॅमेरा तिच्या हातात आला आणि मामा फोटो कापून पाकिटात भरायला बसले. तान्ही मुलं माझ्यावर बसत नाहीत. ती आईच्या कडेवर रडायला लागली की चिंगी कॅमेऱ्यामागून माझा आवाज काढायची. हुबेहूब! शेवटच्या फुस्ससकट. रडणारं पोर गप्प होऊन बघायला लागायचं. माझी एवढी मनापासून नक्कल कुणी केली नव्हती. म्हणून सांगतो, माझा तिच्यावर फार जीव.

एकदा एक कॉलेजातली मुलगी फोटोला आली. फोटोग्राफीच्या शाळेचा अर्ज भरायचा म्हणाली. चिंगीने कंगवा तिच्या हातात द्यायच्या ऐवजी स्वतःच धरून ठेवला. “फोटोग्राफीची शाळा असते?” मुलीने सगळं सांगितलं. वर्षभराचा सर्टिफिकेट कोर्स. आपले दहा फोटो पाठवायचे, ते पसंत पडले तर मुलाखत. त्या दिवशी चिंगी सगळ्या गिऱ्हाइकांना डाव्याऐवजी उजवा खांदा पुढे घ्यायला लावत होती.

मामांना सांगितलं तर ते म्हणाले, “फोटो काढायला शाळा? मी कुठल्या शाळेत गेलो होतो?”

“तुम्ही गेला नाहीत म्हणूनच मला जायचंय,” चिंगी म्हणाली. “मामा, मला कान सोडून माणसाचं बाकीचं पण बघायचंय.”

 मामा नुसती कात्री चालवत राहिले.

तिने अर्ज केला. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन गावभर हिंडली. मावळता सूर्य, फुलावरचं फुलपाखरू, पानावरचा थेंब, एका आजोबांच्या सुरकुत्या. घरची मंडळी खूश. मीही खूश, मला त्यातलं काय कळतंय! शाळेचं उत्तर मात्र दोन ओळींचं आलं. ‘तुमचे फोटो सुबक आहेत. पण हे फोटो आम्ही पुष्कळदा पाहिले आहेत.’

बाई गं!  एक वेळ ‘वाईट’ म्हटलं असतं तर परवडलं असतं. त्यात शाळेला वयाची अट होती. पुढच्या वर्षीचा अर्ज हा चिंगीचा शेवटचा. त्यात बसली तर बसली, नाहीतर कायमची कान मोजत राहणार.

एके दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मामा जेवायला गेलेले. चिंगी येऊन माझ्यावर धपकन बसली. डोळे भरलेले. रागारागाने तिने एक गिरकी घेतली. कुंईईई, फुस्स! ती दचकली आणि रिकाम्या खोलीला म्हणाली, “मी नाही हं!”

मग स्वतःच खो खो हसत सुटली. हसता हसता समोरच्या आरशात तिचं लक्ष गेलं आणि ती थबकली. डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू, केस विस्कटलेले. आरशात एक पूर्ण माणूस बसलेलं होतं. ती बराच वेळ बघत राहिली. मग उठून तिने माझ्या बैठकीवर हात फिरवला. “तू इतकी वर्षं सांगतोयस आणि मी ऐकतच नाही होय रे?” आता काय सांगू, ऊर भरून आला माझा.

त्या दिवसापासून प्रत्येकाचे दोन फोटो. पहिला मामांच्या कायद्याचा. मग चिंगी म्हणायची, “थोडं वळा.” मी कुरकुरायचो आणि ती नेमकी तेव्हा कळ दाबायची. एखादा लाजायचा, एखादा रागवायचा, एखाद्या आजी तोंडावर पदर घेऊन मुरकुंडी वळेपर्यंत हसायच्या. “हा मी माझ्याकडे ठेवू?” असं ती विचारायची. बहुतेक जण म्हणायचे, “ठेवा, पण आमच्या साहेबांना दाखवू नका.” मामांना तिने यातलं अवाक्षर सांगितलं नाही. फुकट फोटो काढते म्हणून ओरडतील ही भीती, आणि त्याहून मोठी भीती तेलाची.

दहा फोटो गेले. मुलाखतीचं बोलावणं आलं! निरोपात असंही होतं की, काम करताना जे साहित्य वापरता ते सोबत आणा. चिंगीने कॅमेरा पुसला आणि माझ्याकडे पाहून डोळा मारला. “तू पण येतोयस.”

त्या सकाळी चिंगी यायच्या आधीच मामा आले. दार लावून घेतलं. मला पालथं केलं आणि खिशातून चक्क तेलाची बुधली काढली. “हिला काही आठवत नाही,” स्वतःशीच पुटपुटत होते. “आपल्या घरची वस्तू परक्या दारात कुरकुरायला नको. मोठी माणसं असतात तिथे. पोरीची शोभा व्हायला नको.” एकेका आट्यात त्यांनी इतक्या मायेने तेल सोडलं, पाय पुसले, बैठक चकचकीत केली. धड दिसत नसलेल्या डोळ्यांनी! मी ओरडून सांगत होतो, अहो मामा, थांबा, घात होतोय! पण माझा आवाज तर त्यांनी आधीच बंद केला होता.

बसमध्ये गर्दी होती. चिंगीने मला एका गलेलठ्ठ गृहस्थाला बसायला दिलं. ते खिडकीकडे वळले, दाराकडे वळले, पुन्हा खिडकीकडे वळले. चकार शब्द नाही माझा! चिंगीचं लक्षच नव्हतं. ती ओठातल्या ओठात उत्तरं घोकत होती. माझा जीव टांगणीला लागला होता.

शाळेत टेबलामागे तिघं बसलेली. मधल्या मुख्य बाई. पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, चष्मा साखळीला अडकवलेला, चेहरा असा की मामांनी बघितला असता तर म्हणाले असते, वा, याला म्हणतात पासपोर्टचा चेहरा! टेबलावर चिंगीचे दहा फोटो मांडलेले. फौजदाराचा फोटो बघून एक सर फसकन हसले. बाई हसल्या नाहीत.

“ही माणसं इतकी मोकळी कशी झाली?” त्यांनी विचारलं.

“आमचं स्टूल कुरकुरतं,” चिंगीने खरं ते सांगून टाकलं. “माणूस दचकतो, मग हसतो. तेव्हा मी फोटो काढते.”

“म्हणजे फोटो स्टुलाने काढले. तुम्ही फक्त बटण दाबलंत.”

चिंगीचा चेहरा खर्रकन उतरला. बाई उठल्या, सरळ येऊन माझ्यावर बसल्या. “काढा माझा. बघू या.”

चिंगीने कॅमेरा डोळ्याला लावला. “बाई, थोडं डावीकडे वळा.”

बाई वळल्या. लोण्यातून सुरी फिरावी तसा मी फिरलो. आवाज नाही. “अजून थोडं.” आवाज नाही. “आता उजवीकडे?” माझ्या पोटातून थेंबभर तेल तेवढं जमिनीवर टपकलं. चिंगीने तो थेंब पाहिला. “अगं बाई, मामा…” एवढंच तिच्या तोंडून निघालं.

 दुसऱ्या सरांनी घड्याळ पाहिलं. बाई म्हणाल्या, “राहू दे,” आणि उठण्यासाठी गुडघ्यांवर हात ठेवले. संपलं, मी मनात म्हटलं, माझ्यामुळे पोरीचं वाटोळं झालं.

आणि तेवढ्यात कॅमेऱ्यामागून आवाज आला, “कुंईईई! फुस्स!”

अगदी माझाच! चिंगीचा चेहरा गंभीर, बोट बटणावर, आणि तोंडाने हा प्रकार. मुख्य बाई एकदम दचकल्या, चष्मा साखळीवर लोंबला, आणि त्यांच्या तोंडून काय निघालं असेल?

“अय्या!”

दोन्ही सर आधी हबकले, मग टेबलावर हात आपटून हसायला लागले. बाई स्वतः तर अशा हसल्या की मला धरून बसल्या. क्लिक! चिंगीने एकच फोटो काढला. फक्त एकच.

तो कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहून बाईंनी डोळे पुसले. “मी अशी दिसते हे मला माहीतच नव्हतं,” म्हणाल्या. मग चष्मा चढवून पुन्हा कडक झाल्या. “पुढच्या वेळी स्टूल घरी ठेवलंत तरी चालेल. तुम्ही मात्र सोमवारपासून या.”

परत येताना चिंगीने मला दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. लोक बघत होते. बघू देत!

मामांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. “अगं, मग आधी सांगायचं नाही का?”

“सांगितलं असतं तर तुम्ही पहिल्याच दिवशी तेल घातलं असतं!” चिंगी म्हणाली, आणि दोघं पोट धरधरून हसली.

वर्ष सरलं. चिंगीचं सर्टिफिकेट आता आरशाशेजारी लटकतंय. दारातल्या काचेच्या कपाटात मुख्य बाईंचा ‘अय्या’वाला फोटो आहे. लोक तो बघून आत येतात आणि म्हणतात, “आमचा पण असाच काढा.” मीही म्हातारा झालोय. एका पायाला तारेचा वेढा आहे, पण उभा आहे ताठ.

ज्या दिवशी सर्टिफिकेट भिंतीवर लागलं, त्या दिवशी चिंगीने मामांना हाताला धरून माझ्यावर बसवलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोटो काढणारा हा माणूस, स्वतःचा एक फोटो नाही! मामा ताठ बसले. तोंड बंद. दोन्ही कान समोर. 

“मामा, डावा खांदा थोडा पुढे.”

मामा वळले. माझं तेल तोवर कधीच सुकून गेलं होतं. मी सगळा जीव एकवटला आणि असा कुरकुरलो, असा कुरकुरलो, की गाण्याच्या मास्तरांनाही ऐकू गेलं असेल!

मामा दचकले, लाल झाले आणि एकदम बोलून गेले, “मी नाही हं! स्टूल आहे ते!”

क्लिक.

तो फोटो सर्टिफिकेटच्या वर लावलाय. मुद्दाम वर. तुम्ही कधी फोटोला आलात तर जरूर बघा आणि माझ्यावर खुशाल बसा. तेवढं मात्र ऐका, येताना तेल आणू नका.