बसतं म्हणाले, म्हणून घर पाडलं

मित्रांनो, मी एक जुनी पहार आहे. दिसायला नुसती लोखंडाची काळी कांब, पण माझ्या हातून एक उभं घर मेलं आहे आणि एका भल्या माणसाचं कपाळ फुटलं आहे. तेव्हा माझी गोष्ट जरा लांब बसूनच ऐका.

माझा जन्मच मारामारीत झाला. म्हसा गावच्या जत्रेत, गुरांच्या बाजाराच्या कडेला, एका लोहाराने मला भट्टीत घालून लालबुंद केलं आणि त्याच्या बायकोने घणाने असं बडवलं, असं बडवलं, की माझ्या टोकाला धारच आली. सापगावच्या राघोने मला विकत घेतलं. घरी आल्या आल्या मी गोठ्यात शिरलेल्या घोणसाचं डोकं ठेचलं. झालं, आळीभर माझंच नाव!

राघोनंतर मी त्याच्या मुलाच्या, लखमाच्या हातात आले. लखमा कसाऱ्याला घाटात रस्त्याच्या कामावर जायचा. तिथे मी दगडांची किती हाडं मोडली ते विचारूच नका. एकदा मी लखमाच्याच अंगठ्यावर पडले, तर त्याचं नख कायमचं गेलं. तरी त्याने मला शिवी दिली नाही. संध्याकाळी फडक्याने पुसून दारामागे उभी करायचा. मला वाटायचं, आपल्याला मोडता येणार नाही असं जगात काही नाहीच. खरं सांगते, मला चढली होती.

मग २००५ साल आलं. लखमाची बायको चंद्रकला अंगणवाडीत सेविका होती. सिमेंटचं घर व्हावं, त्यात नववीतल्या चिमीला अभ्यासाला एक कोपरा मिळावा, एवढंच तिच्या मनात होतं. ती शहापूरच्या एका बँकेत गृहकर्जाची चौकशी करायला गेली. साहेबांनी विचारलं, काम काय करता? अंगणवाडीत, असं ती म्हणताच साहेब खूश. सरकारी काम आहे, मग अडचण कसली, तुमचं कर्ज बसतं, असं म्हणाले. जुनं घर पाडून जागा मोकळी दाखवा म्हणजे फाइल लवकर सरकेल, असंही म्हणाले. चंद्रकला विसरेल म्हणून त्यांनी एका स्लिपच्या पाठीवर लिहूनसुद्धा दिलं, "बसतं. जागा मोकळी करणे." शिपाई कमळू आमच्याच गावचा. तो तेव्हा चहा घेऊन तिथेच उभा होता, त्यानेही ऐकलं.

बँकेच्या भाषेत "बसतं" म्हणजे नियमात बसेल बहुतेक, बघू. आमच्या घरात त्याचा अर्थ झाला, मिळालं.

घर पाडायला अर्थात मीच. पहिला घाव मागच्या भिंतीवर घातला. मातीची वीट भसकन सुटली आणि मला जोर आला. चुलीची भिंत, देवाचा कोनाडा, चिमीची उंची दरवर्षी कोळशाने मांडायचे तो दारातला खांब, मी कुणालाच सोडलं नाही. वासे कडाकडा मोडले. कौलं चुरा होऊन उडाली. शेवटी आढं खाली आलं आणि मार खाल्लेला बैल गुडघ्यांवर यावा तसं आमचं घर धुरळ्यात खाली बसलं. लखमा हसत होता. मीही. आज मला त्या हसण्याची लाज वाटते.

पंधरा दिवसांनी साहेबांनी फाइल नीट उघडली. सेविकेला पगार नसतो, मानधन असतं, आणि मानधनावर कर्ज बसत नाही. चहात साखर कमी पडली म्हणावं, तेवढ्या सहज सांगितलं. चंद्रकलाने स्लिप पुढे केली, तर म्हणाले, ते मी आपलं अंदाजाने लिहिलं होतं.

घरचे गोठ्यात राहायला गेले. पावसाळा महिन्यावर आलेला. त्यात चंद्रकलाची जाऊ ठकी नळावर सगळ्यांसमोर विचारायची, "काय गो चंद्रे, कर्ज बसलं का घर बसलं?"

हे लखमाच्या कानावर गेलं. त्याने मला उचललं आणि तडक बँक गाठली. पहिल्या घावात काउंटरची काच फुटून लोकांच्या अंगावर उडाली. दुसऱ्या घावात टेबल दुभंगलं. साहेब कपाटामागे लपले. तिसरा घाव मी त्यांच्यासाठीच उचलला होता, तेवढ्यात कमळू मध्ये आला. "नको रे लखमा," एवढंच म्हणाला, आणि माझं टोक त्याच्या कपाळावर बसलं.

दगड फुटताना कसा वाजतो ते मला ठाऊक आहे. हा आवाज तसा नव्हता. लखमाने मला टाकून दिलं आणि त्याच रक्तात खाली बसला.

पोलिसांनी माझ्या गळ्यात चिठ्ठी बांधली आणि मला एका बंद खोलीत टाकलं. पुसायला कुणी नाही. दोन वर्षं गंज मला खात होता.

पुढचं मी चिमीच्या तोंडून ऐकलं. चंद्रकलाने केलेल्या तक्रारीला बँकेचं उत्तर आलं, की तुमच्या पतीने शाखेत तोडफोड केली, सबब तक्रार विचारात घेता येत नाही. चंद्रकला खचली. "राहू दे गो. आपणच मारलं, आता आपलं कोण ऐकणार?" पण चिमीने वहीचं पान फाडून थेट बँकेच्या वरच्या ऑफिसला लिहिलं, "काच आम्ही फोडली. तो गुन्हा आमचा, त्यासाठी बाबा कोर्टात उभे आहेत. पण आमचं घर तुमच्या एका शब्दाने फुटलं. तो शब्द तुमच्याच स्लिपवर, तुमच्याच साहेबांच्या अक्षरात आहे. प्रत जोडली आहे."

खाली साक्षीदार म्हणून कमळूने सही केली. साहेबांनी त्याला दम दिला, नोकरी जाईल. तो म्हणाला, "डोकं माझं फुटलंय साहेब. मी त्यांच्या बाजूने खोटं कशाला बोलू?"

वरून माणूस आला, ढिगारा बघून गेला. सल्ला चुकीचा दिला होता असं बँकेने लिहून कबूल केलं आणि पाडलेल्या घराची भरपाई दिली. कर्ज काही बसलं नाहीच. एक खोली उभी राहील एवढं मात्र झालं. कमळूने कोर्टात आपल्याला खटला नको म्हणून सांगितलं, बँकेनेही काचेची तक्रार मागे घेतली, तसा लखमा सुटला आणि मीही सुटले.

पण लखमा मला हात लावेना. नव्या खोलीचा पाया खणताना एक आडवा काळा दगड लागला. तो फोडायचा तर एकाने मला टोकावर उभं धरायचं आणि दुसऱ्याने वरून घण घालायचा. लखमा घण घेऊन नुसता उभा. तेव्हा कमळू पुढे आला, उकिडवा बसला आणि त्याने मला दोन्ही हातांनी धरलं. त्याच्या कपाळावरची खूण माझ्या अगदी समोर होती.

"मार," तो म्हणाला. "या खेपेला बघून मार."

दगड फुटला. कमळूचा हात हलला नाही.

मित्रांनो, मला पुसून कोरड्या जागी ठेवत जा, मी तुमच्या नातवंडांनाही पुरेन. पण कुणी "बसतं" म्हणालं, तर मला उचलण्याआधी विचारा, कुठल्या नियमात बसतं, आणि त्याखाली सही घ्या. एकदा उगारल्यावर मला आपलं आपण थांबता येत नाही.