उगवलेल्या गोचिडी

निडी स्टेशनबाहेरच्या वडाखाली त्या दिवशी गावातली झाडून सगळी कुत्री जमली होती, आणि गोंगाट मात्र माणसंच करत होती. मधोमध पाटावर गोचीडबाबा, पुढ्यात पितळी ताट. बाबा कुत्र्याच्या मानेवरून हात फिरवायचे, "श्वानाय चावाय फट्" असलं काहीबाही पुटपुटायचे आणि मूठ उघडायचे. ताटात खणखण गोचिडी पडायच्या. टपोऱ्या, तुकतुकीत, ठिपक्याठिपक्यांच्या. लोक हात जोडायचे.

सगुणाचा कारभारी तिच्या पायाशी निपचित पडला होता. कारभारी म्हणजे तिचा कुत्रा. नवरा गेल्यापासून तिचं बोलणं ऐकून घेणारं घरात तेवढंच एक माणूस. तो अन्नाला शिवत नव्हता, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. रोह्याच्या जनावरांच्या डॉक्टर पद्मजाबाई कुत्र्यांचं रक्त तपासायला गावात आल्या, तेव्हा सगुणाने त्याला घरात कोंडून ठेवलं. बाबांनी बजावलंच होतं तसं: "कुत्र्याचं इमान रक्तात असतं. सुईनं रक्त काढलं की इमान गेलं. मग तो धन्यालाच चावणार."

आता बिनइमानी कुत्रा कोणाला हवा असतो?

बाबांनी कारभाऱ्याच्या अंगातून मूठभर गोचिडी काढून दिल्या. "हात लावू नका. घरामागं पुरा, वर रोज तांब्याभर पाणी घाला. त्यांचा दाह शांत झाला की हा उड्या मारील."

सगुणाने न चुकता पाणी घातलं. दाहाचं माहीत नाही, कारभारी मात्र फारच शांत होत चालला. उठताना पाय लटपटायचे. हा आता जातो की काय, असं सगुणाला वाटायला लागलं. तरी पाणी चालूच.

मग एका सकाळी तांब्या तिच्या हातातच राहिला. पुरलेल्या जागी लालसर, जाड कोंब आले होते. एकाच्या डोक्यावर ठिपक्यांचं टरफल अजून टोपीसारखं अडकलेलं. शेजारची धोंडुबाई कुंपणावरून वाकली.

"काय पेरलंस गो?"

"गोचिडी."

"गोचिडी कशाच्या? एरंड हाय तो."

सगुणाने कोंबावरचं टरफल काढून निरखलं. एरंडाची बी ती लहानपणापासून बघत आली होती. पण तीच बी बाबांच्या ताटात पडली आणि हिला गोचीड दिसली. आधी तिला स्वतःचा राग आला, मग बाबाचा, आणि मग तिने रिक्षा बोलावली.

रोह्याला पद्मजाबाईंनी कारभाऱ्याच्या पायातून थोडं रक्त घेऊन तपासलं. "गोचीडताप आहे." त्यांनी त्याच्या कानातून चिमट्याने खरी गोचीड काढून दाखवली. "ही रक्त पिते आणि आजार सोडून जाते. गोचीड काढली तरी आजार आत राहतो, म्हणून रक्त बघायचं. डासांमुळे हृदयात जंत होतात, तेही याच रक्तात कळतं. ते याला नाहीत."

"वाचंल नव्हं?"

"उशीर केलात. औषध देते, नेमानं द्या."

कारभारी वाचला. भाकरी मागायला लागला तशी सगुणा त्याला घेऊन वडाखाली गेली. एका हातात त्याची दोरी, दुसऱ्या हातात डब्यात लावलेलं ते रोप, मागोमाग धोंडुबाई.

"बाबा, तुमची गोचीड उगवली."

"देवीचा चमत्कार," बाबा जराही न अडखळता म्हणाला. "रोगाचं रोप झालं."

सगुणाने ताटातली एक गोचीड उचलून दगडाने ठेचली. पांढरा गर निघाला, दगडाला तेल लागलं. "गोचीड ठेचली की रगत निघतं. हिच्यात तेल कुठनं आलं?" तेवढ्यात धोंडुबाईने बाबाची बाही धरून झटकली. बाहीत दडवलेला उरलेला रोग खणखण करत ताटात सांडला. लोक पोट धरून हसले, आणि बाबा पितळी ताट तिथेच टाकून स्टेशनाकडे पळाला.

"आणि याचं रगत काढलं, तरी चावला नाय मला," सगुणा लोकांना म्हणाली. कारभारी तिचा हात चाटत होता. "इमान हाय तिथंच हाय. गहाण पडलं होतं ते आपलं डोकं. उद्या आपापली कुत्री घ्या नि रोह्याला चला. आणि ह्यापुढं कोणी ताटात काय पाडलं, तर हात जोडायच्या आधी ठेचून बघा."