तीन हिरवे

"चाकं खाली येऊन..."

"तीन हिरवे," कॅप्टन म्हणाले.

गेली बावीस वर्षं विमान उतरवण्याआधी ते हेच म्हणत आले होते. सहवैमानिकाने तपासणीच्या यादीतली ओळ वाचायची, कॅप्टनने दिव्यांकडे बघून उत्तर द्यायचं, असा नेम. चाकांचे दिवे तीन. चाक खाली येऊन लॉक झालं की दिवा हिरवा, नाहीतर लाल. पण यादी त्यांना बेच्या पाढ्यासारखी पाठ, आणि पाठ असलेल्या माणसाला प्रश्न ऐकायचा धीर कुठला? शेजारची सहवैमानिक नवी होती, प्रत्येक ओळ शेवटच्या शब्दापर्यंत वाचायची. त्यांनी तिला हेडमास्तरीणबाई करून टाकलं होतं आणि ती बिचारी हसून घ्यायची.

आज मात्र ती पुढच्या ओळीवर गेली नाही.

"चाकं खाली येऊन..."

"तीन हिरवे, हेडमास्तरीणबाई. पुढे चला."

"चाकं खाली येऊन लॉक झाली आहेत का, सर?"

तिला झापायला ते वळले आणि नजर दिव्यांवर गेली. दोन हिरवे होते. डावीकडचा लाल.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. चाकाचं काय, लोखंडच ते, कधीतरी बिघडणारच. पण त्याच दिव्यांकडे बघत, ढळढळीत लाल समोर असताना, त्यांनी दोनदा तीन हिरवे म्हटलं होतं. मागे दीडशे माणसं पट्टे बांधून बसली होती आणि समोर धावपट्टी दिसत होती.

हात तेवढे शहाणे निघाले. त्यांनी विमान पुन्हा वर घेतलं, टॉवरला कळवलं आणि मुख्य हवाईसेविकेला फोन लावला.

"डावं चाक लॉक होत नाहीये. लोकांना तयार करा."

"वेळ किती आहे?"

"पंधरा मिनिटं."

"पुरे," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

सहवैमानिकेने जमिनीतली झडप उघडून चाकं हाताने खाली सोडायची मूठ सगळा जीव लावून ओढली. पायाखाली धाडकन आवाज झाला. कॅप्टननी एकेका दिव्यावर बोट ठेवलं, बालवाडीतल्या पोरासारखं. एक, दोन, तीन. तिन्ही हिरवे. मग तिलाही बोट ठेवून मोजायला लावलं.

विमान उतरलं. लोक टाळ्या वाजवून बॅगा काढू लागले. कॅप्टन जागचे हलले नाहीत. नोकरीवर पाणी सोडावं लागलं तरी चालेल, असं ठरवून त्यांनी अहवालात लिहिलं: दिवा लाल असताना मी दोनदा तीन हिरवे म्हणालो.

"तुझ्यामुळे वाचलो," ते सहवैमानिकेला म्हणाले. "पण लाल दिसला होता तर सरळ सांगायचंस ना. प्रश्न काय विचारत बसलीस?"

तिने हातातली यादी खाली ठेवली.

"मला दिसलाच नव्हता, सर. मीही बघितलं होतं. तुम्ही तीन म्हणालात आणि मलाही तीनच दिसले."

"मग परत का विचारलंस?"

"तुम्ही दोन्ही वेळा मधेच बोललात. माझी ओळ अर्धी राहिली होती. ती पुरी करत होते, एवढंच."

कॅप्टननी अहवाल पुन्हा पुढे ओढला, पेन टेकवलं आणि उचललं. त्यांनी पेन तिच्यापुढे धरलं.

"हेही लिही," ते म्हणाले. त्यांना स्वतःला लिहिता येईना.