यादिराच्या नावापुढचा पक्ष

आमच्या खाणगावात मतदान अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये होतं, आणि त्या दिवशी हॉलबाहेर दोन खुर्च्या असतात. एक माझी, रिपब्लिकन वॉर्डप्रमुखाची. दुसरी डोलोरेस हुडॉकची, डेमोक्रॅटांची. दिवसभर एकमेकांची मतं पळवायची आणि तिच्याच थर्मासमधली कॉफी प्यायची, हा आमचा रिवाज. पूर्वी माणूस गाडीतून उतरला की चालीवरून कळायचं, हा कुणाचा. आता ते दिवस गेले. बाप्तिस्म्याआधीच डेमोक्रॅट असलेली खाणकामगारांची घरंच्या घरं माझ्याकडे आली, आणि माझे बँकवाले, दातांचे डॉक्टर डोलोरेसची विचारपूस करू लागले. अलीकडे बाहेरून येऊन वसलेली डोमिनिकन मंडळी तर दोघांच्याही हिशेबात बसत नाहीत.

यादिरा पेराल्ता त्यांच्यातलीच. कोपऱ्यावर बेकरी, पक्ष रिपब्लिकन. आमची प्राथमिक शाळा बंद करून पोरांना बसनं डोंगरापलीकडे धाडायचं घाटत होतं. शाळा मंडळात त्यावर बरोबर निम्मे निम्मे, आणि एक जागा रिकामी. यादिराचा मुलगा पहिलीत. ती उभी राहिली.

आमच्या राज्यात शाळा मंडळाच्या उमेदवाराला दोन्ही पक्षांकडे उमेदवारी मागता येते. मे महिन्यात, पक्षांच्या आतल्या मतदानात, तिनं दोन्हीकडे मागितली. तिच्या स्वतःच्या पक्षानं, म्हणजे आम्ही, तिला पाडून, शाळा बंद करायला निघालेला विमा एजंट क्लाइन निवडला. डेमोक्रॅटांनी तिला निवडलं. त्यामुळे नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर या रिपब्लिकन बाईच्या नावापुढे 'डेमोक्रॅट' असं ठसठशीत छापून आलं.

"तुमची पोरगी आमच्या घरी नांदतेय हं, स्टश," डोलोरेसनं सकाळीच टोमणा मारला.

"नांदू दे. फक्त टिकणार किती दिवस ते बघ."

दुपारी मेट्रो सॅबोल आला. म्हातारा आयुष्यभर खाणीत आणि डेमोक्रॅटांत होता. मग त्यांच्यावर असा चिडला, की भर बारमध्ये आमच्या चर्चच्या सेंट मायकेलची शपथ घेऊन बसला: पुन्हा मतपत्रिकेवर त्या पक्षापुढचा गोल रंगवून मत दिलं तर हात झडो. पण त्याची पणती याच शाळेत. रांगेत उभा राहून तो मोठ्यानं सांगत होता, "सोपं आहे रे! खाली रिकामी ओळ असते ना, तिथं पेनानं यादिराचं नाव लिहायचं. गोलाला हात लावायचा नाही. शपथही शाबूत, शाळाही शाबूत."

रांग खूश झाली. शाळा तर हवी, पण तो गोल नको, असे माझेच कितीतरी लोक तिथं होते. त्यांना जणू देवच भेटला.

डोलोरेसचा चेहरा उतरला. "म्हाताऱ्या, छापलेलं नाव पुन्हा हातानं लिहिलं तर ते मत धरत नाहीत. वाया जातं!"

"वा गं बाई! तुझ्या गोड बोलण्याला अर्धा जन्म भुललो. आता पुरे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती खरं बोलत होती, हे मला ठाऊक होतं. मी मनात आकडेमोड केली. नुसतं गप्प बसून कॉफी प्यायलो तरी क्लाइन निवडून येणार होता आणि जिल्ह्याचे आमचे साहेब माझी पाठ थोपटणार होते. पण ही रांग माझ्या भरवशावर पक्षात आलेली. त्यांची मतं माझ्या डोळ्यांदेखत केराच्या टोपलीत जाणार, आणि उद्या शाळेला कुलूप लागलं की ते माझ्याच खुर्चीकडे बघणार.

मी उठलो. "मेट्रो, ती खरं सांगतेय. गोलच रंगवा."

"तू? तू सांगतोस हे?"

"मीच. आता मला सांग, यादिरा कुठल्या पक्षाची?"

"आपल्या."

"मग मत कुणाला जाणार? रिपब्लिकन बाईला. पाव तिचा, ट्रे डोलोरेसचा. ट्रे खायचा असतो का?"

मेट्रोनं हनुवटी खाजवली. "सेंट मायकेलला पटेल हे?"

"त्याचं मी बघतो. तो आमच्याच वॉर्डातला आहे."

रांगेत हशा पिकला. मेट्रो आत गेला, बराच वेळ आत राहिला, आणि बाहेर येऊन दोन्ही हात उलटसुलट करून पाहत राहिला.

संध्याकाळी निकालाचा कागद दारावर चिकटवला. थोडक्या मतांनी, पण यादिरा निवडून आली. हातानं लिहिलेली काही मतं वाया गेलीच. माझा फोन वाजला. साहेब विचारत होते, तू नक्की कुणाचा? तेवढ्यात डोलोरेसचाही वाजला. तिचे साहेब विचारत होते, ही बाई नक्की आपली का? आम्ही दोघांनीही फोन उलटे करून ठेवले.

यादिरा बेकरीचा अॅप्रन न काढताच धावत आली. मेट्रोनं तिला गाठलं. "आता शाळेच्या छताचं बघ. गळतंय. आणि ऐक, गोल रंगवला म्हणून मी काही डेमोक्रॅट झालो नाही."

"मी पण झाले नाही, डॉन मेट्रो," ती आपल्या स्पॅनिश रिवाजानं त्याला मान देत म्हणाली.

"मग झालंय तरी कोण?"

डोलोरेसनं खुर्चीतूनच हात वर केला. "मी आहे ना. कॉफी संपायच्या आत छताचं बोलून घ्या."